गोळ्यांचा हिशेब कोणी ठेवायचा?

साताऱ्याच्या राजपथावर किंवा सांगलीच्या गणपती पेठेत सायंकाळच्या वेळी औषधांच्या दुकानापाशी घटकाभर उभे राहिले, तर एक गोष्ट सहज ध्यानी येते. रक्तदाबाची किंवा मधुमेहाची गोळी मागणारा माणूस खिशातून डॉक्टरांची चिठ्ठी काढतो, चष्मा सारखा करतो आणि गोळीचे नाव दोनदा पडताळून पाहतो. ते औषध आहे, त्यात चूक झाली तर निस्तरावी लागेल, याची त्याला जाणीव असते. त्याच माणसाला ‘हाडांच्या गोळ्यांची’ बाटली किंवा ‘ॲसिडिटीच्या गोळ्यांची’ पट्टी हवी असली, की मात्र चिठ्ठीची आठवण होत नाही. दुकानदार काही विचारत नाही, गिऱ्हाईक काही सांगत नाही. वाण्याकडून घेतलेल्या खडीसाखरेच्या पुडीसारखी ती वस्तू पिशवीत पडते आणि घरी जाते.

कॅल्शियम म्हणजे शक्ती, शक्ती म्हणजे चांगली गोष्ट, आणि चांगली गोष्ट थोडी अधिक झाली तर बिघडते कोठे, असा यामागचा सरळसोट तर्क आहे. तो चुकीचा आहे. कॅल्शियमच्या आणि आम्लनाशक गोळ्यांच्या अतिरेकाने रक्तातील कॅल्शियम धोक्याच्या पातळीवर चढते, मूत्रपिंडे निकामी होऊ लागतात, माणूस भ्रमिष्टासारखा बोलू लागतो आणि वेळीच कोणाच्या लक्षात आले नाही, तर बेशुद्धीपर्यंत पाळी येते. हा विकार घरोघर पसरला आहे असा कांगावा करण्याचे कारण नाही. रक्तातील कॅल्शियम वाढण्याची नेहमीची कारणे परावटू ग्रंथींचा विकार आणि कर्करोग ही होत. परंतु अमेरिकेसारख्या देशात रुग्णालयात दाखल होणाऱ्यांमध्ये त्या दोहोंच्या खालोखाल तिसरे कारण म्हणून आता गोळ्यांच्या अतिरेकाकडे बोट दाखवले जाते. पहिली दोन कारणे माणसाच्या हाती नसतात. तिसरे पूर्णपणे त्याच्या हाती आहे. म्हणूनच त्याचा विचार वैद्यकाच्या ग्रंथांपुरता न ठेवता चारचौघांत झाला पाहिजे.

शरीराची रोजकीर्द

प्रौढ माणसाच्या शरीरात सुमारे एक किलो कॅल्शियम असते. त्यातील ९९ टक्के हाडांत आणि दातांत साठवलेले असते. उरलेल्या एका टक्क्यातलाही अगदी थोडा भाग रक्तात खेळतो. पण हृदयाचे ठोके, स्नायूंचे आकुंचन, मज्जातंतूंचे संदेश आणि रक्त गोठण्याची क्रिया ही सारी त्या थोड्याशा भागावर अवलंबून असतात. त्यामुळे निसर्गाने या भागाची पातळी फार काटेकोरपणे बांधून दिली आहे. १०० मिलिलिटर रक्तद्रवात साधारण ८.५ ते १०.५ मिलिग्रॅम, एवढीच तिची मर्यादा. ती १२ च्या पुढे गेली की तक्रारी सुरू होतात आणि १४ च्या पुढे गेली की डॉक्टर तिला तातडीची अवस्था मानतात. वरची मर्यादा आणि संकट यांच्यामध्ये जेमतेम साडेतीन मिलिग्रॅमचे अंतर आहे, ही गोष्ट ‘थोडे अधिक झाले तर काय बिघडते’ असे म्हणणाऱ्याने एकदा मनाशी घोळवून पाहावी.

या जमाखर्चाची देखरेख गळ्यातील थायरॉइड ग्रंथीच्या मागे दडलेल्या, तांदळाच्या दाण्याएवढ्या चार परावटू ग्रंथींकडे असते. रक्तात कॅल्शियम वाढले की त्या आपला स्राव आवरता घेतात. मग हाडांतून येणारी आवक कमी होते, आतडी अन्नातून कमी शोषून घेतात आणि मूत्रपिंडे जादा कॅल्शियम लघवीवाटे बाहेर टाकतात. निरोगी, तरुण माणसात ही व्यवस्था इतकी चोख चालते, की पेलाभर दूध जास्त प्याले किंवा संक्रांतीला चार तिळगूळ अधिक खाल्ले म्हणून काही होत नाही.

मग बिघडते कोठे? स्वस्त आणि सर्रास मिळणाऱ्या बहुतेक कॅल्शियमच्या गोळ्यांत आणि काही आम्लनाशक गोळ्यांत कॅल्शियम कार्बोनेट असते. त्यातून शरीरात एकाच वेळी दोन गोष्टी जातात: कॅल्शियम आणि अल्क. कॅल्शियम प्रमाणाबाहेर वाढले की मूत्रपिंडांना पाणी धरून ठेवता येत नाही. लघवी वारंवार होते आणि शरीर कोरडे पडते. कोरड्या पडलेल्या शरीरातील मूत्रपिंडे अल्क बाहेर टाकण्याऐवजी आत अडवून ठेवतात. रक्तात अल्क वाढले, की लघवीवाटे कॅल्शियम बाहेर जाण्याचा मार्ग आकसतो. म्हणजे कॅल्शियम अल्काला अडवते, अल्क कॅल्शियमला अडवते, आणि दोघे मिळून मूत्रपिंडाला जेरीस आणतात. माण, खटाव, जत, आटपाडी या भागांत वैशाखात उन्हातान्हात वावरणाऱ्या आणि पाणी बेतानेच पिणाऱ्या माणसाला तर या दुष्टचक्रात सापडण्यास आणखी एक निमित्त आयते मिळते.

या विकाराचे खरे क्रौर्य मात्र त्याच्या लक्षणांत आहे. मळमळ, भूक मंदावणे, पोटात दुखणे, बद्धकोष्ठ, थकवा, अंग गळून जाणे, तहान लागणे आणि वारंवार लघवीला होणे. या यादीकडे पुन्हा एकदा पाहावे. पोटाची तक्रार झाली की सामान्य माणूस काय करतो? आणखी एक ॲसिडिटीची गोळी चघळतो. अंग गळून गेले की काय करतो? ‘शक्तीच्या’ गोळ्या वाढवतो. ज्या वस्तूच्या अतिरेकाने दुखणे आले, तीच वस्तू दुखण्यावरचा उतारा म्हणून घेतली जाते. म्हातारपणी विसराळूपणा आणि असंबद्ध बोलणे सुरू झाले, तर घरचे लोक ‘आता वय झाले’ म्हणून समाधान करून घेतात. रक्ताच्या एका साध्या तपासणीने जे उघड झाले असते, ते अशा रीतीने आठवडेच्या आठवडे झाकलेले राहते.

एका घरातील बेरीज

हा अतिरेक कोणी मुद्दाम करत नाही. तो कसा होतो, हे पाहण्यासाठी एक कल्पित पण कोणत्याही आळीत सापडेल असे उदाहरण घेऊ. समजा, कऱ्हाडजवळच्या एखाद्या गावातील सेवानिवृत्त शिक्षिका आहेत. वय पासष्ट. गुडघे दुखतात म्हणून डॉक्टरांनी ५०० मिलिग्रॅमची कॅल्शियमची गोळी दोन वेळा तीन महिन्यांसाठी दिली होती; त्याला आता दोन वर्षे झाली. पुण्याहून येताना मुलाने परदेशी बनावटीची मोठी बाटली आणली. तिच्या एका गोळीत ६०० मिलिग्रॅम. तिखट सोसत नाही म्हणून जेवणानंतर चघळायच्या आम्लनाशक गोळ्या दिवसाकाठी चार. प्रत्येकीत २०० मिलिग्रॅम कॅल्शियम धरले तर ८०० झाले. सकाळी आणि रात्री दुधाचा एकेक पेला. त्यातून सुमारे ५००. भाजीभाकरीतून आणखी ३००. बेरीज होते ३,२०० मिलिग्रॅम. पन्नाशी ओलांडलेल्या माणसासाठी अन्न आणि गोळ्या मिळून दिवसाला २,००० ही कमाल मर्यादा अमेरिकेतील तज्ज्ञ समितीने २०१० साली ठरवून दिली आहे. आपल्याकडे राष्ट्रीय पोषण संस्थेच्या शिफारशीनुसार प्रौढ माणसाची रोजची गरज आहे १,००० मिलिग्रॅम.

यातील एकही रक्कम, सुटी पाहिली तर, भयंकर नाही. डॉक्टरांनी दिलेली गोळी योग्य होती, मुलाची माया खरी होती, दूध तर पूर्णान्नच. धोका आहे तो बेरजेत, आणि बेरीज कोणीच केलेली नाही. डॉक्टरांना बाटली ठाऊक नाही, मुलाला आम्लनाशक गोळ्या ठाऊक नाहीत, दुकानदाराला यातले काहीच ठाऊक नाही. त्यातच बाईंना रक्तदाबासाठी थायझाइड वर्गातील गोळी चालू असली, तर ती मूत्रपिंडातून कॅल्शियम बाहेर जाण्याला अटकाव करते, हेही कोणी त्यांना सांगितलेले नसते. मूत्रपिंडे वयोमानाने आधीच थकलेली असतील, तर दोन ग्रॅमच्या आतील कॅल्शियमनेही काही रुग्ण या अवस्थेला पोहोचल्याच्या नोंदी वैद्यकीय वाङ्मयात आहेत.

येथे एक खुलासा अगत्याचा आहे. दुकानात मिळणाऱ्या सगळ्याच ॲसिडिटीच्या गोळ्यांत कॅल्शियम नसते. आपल्याकडच्या अनेक परिचित आम्लनाशकांत ॲल्युमिनियम आणि मॅग्नेशियम यांची संयुगे असतात. त्यांचे गुणदोष निराळे. आम्लाची निर्मितीच थोपवणाऱ्या कॅप्सूल तर अगदी वेगळ्या जातीच्या. घरोघरी फसफसवून पितात त्या खाण्याच्या सोड्यात कॅल्शियम नसले, तरी अल्क भरपूर असते. म्हणजे दुष्टचक्राचा एक अर्धा भाग तो पुरवतोच. तेव्हा ‘ॲसिडिटीची गोळी’ हे एकच नाव घेऊन भागत नाही. आपण नेमके काय चघळतो, हे वेष्टन उलटून वाचले पाहिजे.

शंभर वर्षांपूर्वीचा धडा

हा अनुभव जगाला नवा नाही. शिकागोचे डॉक्टर बर्ट्रम सिप्पी यांनी १९१५ साली जठरव्रणावर एक उपचारपद्धती मांडली. रुग्णाला तासातासाने दूध आणि साय द्यायची आणि मधल्या वेळांत अल्कधर्मी भुकट्या. जठरातील आम्ल मारले की व्रण भरून येईल, ही त्यामागची कल्पना. पद्धती जगभर गाजली. परंतु १९२३ सालीच अमेरिकेतील हार्ट आणि रिव्हर्स या डॉक्टरांनी दाखवून दिले, की या उपचाराने काही रुग्णांना मळमळ, डोकेदुखी, भ्रम आणि मूत्रपिंडाचा विकार जडतो. १९४९ साली बर्नेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्षानुवर्षे दूध आणि अल्क घेतलेल्या रुग्णांच्या मूत्रपिंडांची झालेली दैना नोंदवली. ‘दूध-अल्क विकार’ हे नाव वैद्यकात रूढ झाले ते यातूनच.

पुढे आम्लाची निर्मिती कमी करणारी औषधे १९७० नंतरच्या दशकात आली. ऑस्ट्रेलियाच्या बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरेन यांनी तर बहुतेक जठरव्रणांचे मूळ एका जंतूत असल्याचे सिद्ध केले आणि २००५ सालचे नोबेल पारितोषिक मिळवले. दुधाचे आणि भुकट्यांचे उपचार अडगळीत गेले. त्यांच्यासोबत हा विकारही इतिहासजमा झाला, असेच डॉक्टरांना वाटू लागले. पण तो परतला, आणि परतला तो वेगळ्या दाराने. हाडे ठिसूळ होण्याच्या भीतीने उतारवयातील स्त्रिया कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व घेऊ लागल्या. पूर्वी या विकाराचा ठरलेला बळी म्हणजे व्रणाने पिडलेला पुरुष. आता तो मासिक पाळी थांबलेल्या स्त्रियांत अधिक आढळू लागला. दुधाचा वाटा कमी झाला आणि गोळीचा वाढला, म्हणून त्याचे नावही बदलून ‘कॅल्शियम-अल्क विकार’ करावे, असे तज्ज्ञांनी सुचवले.

सातारा-सांगलीच्या वाचकाला या कहाणीत परकेपणा वाटण्याचे कारण नाही. कृष्णाकाठच्या या दोन जिल्ह्यांत दुधाला तोटा नाही, आणि ‘पोटात आग पडते? थंड दूध घ्या’ हा सल्ला आजही ज्याच्या त्याच्या तोंडी आहे. मिरज-बेडग भागातील पानमळे प्रसिद्ध आहेत, आणि पान म्हटले की चुना आलाच. तंबाखूच्या चंचीतली चुन्याची डबी तर शेतमजुरापासून कारकुनापर्यंत अनेकांच्या खिशात असते. पानाला लावायचा चुना म्हणजे कॅल्शियम हायड्रॉक्साइड; कॅल्शियम आणि अल्क दोन्ही एका बोटावर. तैवानमधील डॉक्टरांनी १९९६ साली शिंपल्यांच्या चुन्यासह सुपारीचे विडे सतत चघळणाऱ्यांत हाच विकार नोंदवला आहे. पान खाणारा प्रत्येक माणूस रुग्ण होतो, असा याचा अर्थ नव्हे. परंतु गेल्या काही वर्षांत भ्रमणध्वनीवरून फिरणाऱ्या संदेशांत ‘रोज गव्हाच्या दाण्याएवढा चुना दह्यातून किंवा पाण्यातून घ्या, सत्तर दुखणी जातील’ अशा धर्तीचे जे उपदेश चालतात, त्यांचा विचार या माहितीच्या प्रकाशात केला पाहिजे. खरोखरच गव्हाच्या दाण्याएवढा चुना घेतला, तर त्यातून काही मोजकेच मिलिग्रॅम कॅल्शियम मिळते. त्याने अपाय बहुधा होणार नाही आणि सत्तर दुखणी जाण्याचाही संभव नाही. पण गुण येईना म्हणून दाण्याचा हरभरा आणि हरभऱ्याचा अर्धा चमचा कधी होतो, याचा हिशेब संदेश पाठवणारा ठेवत नाही. शिवाय जास्त चुना तोंड आणि अन्ननलिका भाजतो, ते वेगळेच.

‘आयुर्वेदिक आहे, तेव्हा निरुपद्रवी आहे’ हीही अशीच एक समजूत. शंखभस्म, कपर्दिकभस्म, प्रवाळ, मौक्तिक ही अम्लपित्तावरची जुनी औषधे मुख्यतः कॅल्शियमचीच संयुगे होत. आपल्या जुन्या वैद्यांना हे द्रव्य किती तोलून द्यायचे, हे पक्के ठाऊक होते. ते गुंजेच्या मापाने मोजत. आणि गुंज म्हणजे सुमारे सव्वाशे मिलिग्रॅम. अनुपान सांगत, पथ्य सांगत, किती दिवस घ्यायचे तेही सांगत. औषध त्यांचे घ्यायचे आणि गुंज मात्र फेकून द्यायची, हा परंपरेचा आदर नव्हे.

ड जीवनसत्त्वाची पुडी

या बेरजेत ड जीवनसत्त्वाने आणखी एक अवघड रक्कम मांडली आहे. आतड्यांतून कॅल्शियम शोषून घेण्याचे दार या जीवनसत्त्वाने उघडते. शरीराला नको असेल तेव्हा ते दार मिटते, ही निसर्गाची तजवीज. पण हे जीवनसत्त्व अतोनात घेतले, की दार मिटतच नाही. आपल्याकडे त्याची साठ हजार एककांची पुडी किंवा कॅप्सूल प्रचारात आहे. ती आठवड्यातून एकदा, काही ठरावीक आठवडे घ्यायची असते. प्रौढ माणसासाठी रोजची कमाल मर्यादा चार हजार एकके मानली जाते. म्हणजे साप्ताहिक पुडी गैरसमजाने रोज घेतली, तर मर्यादेच्या पंधरापट जीवनसत्त्व दररोज पोटात जाते. पुडी नारिंगाच्या चवीची आणि दुधातून घेण्याजोगी असली, तर असा गैरसमज व्हायला वेळ लागत नाही. सहा लाख एककांचे इंजेक्शनही सर्रास टोचले जाते. काश्मीरमधील डॉक्टरांनी अशा वारंवार टोचण्यांनंतर रक्तातील कॅल्शियम बेसुमार वाढलेले रुग्ण नोंदवले आहेत. हे जीवनसत्त्व चरबीत साठून राहते. त्यामुळे चूक उमगून पुडी थांबवली, तरी तिचा अंमल पुढे कित्येक आठवडे, कधी काही महिनेही, चालू राहतो.

पुढारलेल्या देशांनीही येथे ठेच खाल्ली आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनमध्ये बालकांच्या दुधाच्या भुकटीत आणि अन्नात ड जीवनसत्त्व इतके मिसळले जात होते, की १९५० नंतरच्या काही वर्षांत तान्ह्या मुलांमध्ये रक्तातील कॅल्शियम वाढल्याच्या घटना दिसू लागल्या आणि १९५७ च्या सुमारास सरकारला ते प्रमाण घटवावे लागले. अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यात एका दुग्धालयाने दुधात प्रमाणाबाहेर ड जीवनसत्त्व घातल्याने आठ जण आजारी पडल्याची हकीकत १९९२ साली प्रसिद्ध झाली. या दोन्ही ठिकाणी मोजणारी यंत्रणा होती, म्हणून चूक सापडली. जेथे मोजदादच होत नाही, तेथे ती सापडणार कशी?

दुसरी बाजू

यावर कोणी म्हणेल, की हा देश कॅल्शियमच्या अतिरेकाने नव्हे, तर टंचाईने त्रस्त आहे. हा आक्षेप खरा आहे आणि त्याला बगल देता येणार नाही. गरिबाच्या ताटात दूध नसते, मजूर स्त्रीच्या आहारात कॅल्शियम अपुरेच पडते. म्हणून तर केंद्र सरकारने २०१४ साली मार्गदर्शक सूचना काढून गरोदर स्त्रीला चौदाव्या आठवड्यापासून बाळंतपणानंतर सहा महिन्यांपर्यंत रोज दोन वेळा ५०० मिलिग्रॅमची गोळी देण्याचे ठरवले. उपकेंद्रातून परिचारिका आणि आशा सेविका ज्या गोळ्या देतात, त्या गरोदर मातेच्या वाढत्या रक्तदाबाचा धोका कमी करण्यासाठी असतात. वर्तमानपत्रात काही वाचले म्हणून एकाही भगिनीने त्या गोळ्या आपल्या मनाने बंद करू नयेत. थायरॉइडच्या शस्त्रक्रियेत परावटू ग्रंथी गमावलेल्या रुग्णाला आणि काही मूत्रपिंडविकारांतही डॉक्टर कॅल्शियम देतात. ते बंद करणे घातक ठरू शकते.

पण नीट पाहिले तर या दोन बाजू परस्परविरोधी नाहीत. ज्या योजनेत मात्रा ठरलेली आहे, काळ ठरलेला आहे आणि देणाऱ्याकडे नोंद आहे, तेथे गोळी उपकारक आहे. जेथे मात्रा, काळ आणि नोंद यांपैकी काहीच नाही, तेथे तीच गोळी अपकारक होते. दुर्दैव असे, की ज्या घराला खरोखर टंचाई आहे, तेथे गोळी पोहोचण्यास उशीर होतो आणि ज्या घरात दूध-दही मुबलक आहे, तेथे तीन-तीन बाटल्या फडताळात उभ्या असतात. अमेरिकेत ३६ हजारांहून अधिक स्त्रियांवर केलेल्या एका मोठ्या प्रयोगाचे निष्कर्ष २००६ साली प्रसिद्ध झाले. रोज १,००० मिलिग्रॅम कॅल्शियम आणि ४०० एकके ड जीवनसत्त्व सात वर्षे घेऊनही खुब्याचे हाड मोडण्याच्या प्रमाणात ठाम म्हणावी अशी घट आढळली नाही. मूतखड्याचे प्रमाण मात्र १७ टक्क्यांनी वाढलेले दिसले. सुखवस्तू माणसाने ‘हाडांचा विमा’ म्हणून जो हप्ता भरायचा, त्याचे फळ हे असे आहे.

आणि विमाच हवा असेल, तर तो ताटात अधिक चांगला मिळतो. पाटण, जावळीच्या डोंगरउतारावर पिकणाऱ्या नाचणीत १०० ग्रॅमला साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते. तिळात हजाराहून अधिक आणि शेवग्याच्या पाल्यात तीनशेहून अधिक. अन्नातील कॅल्शियम दिवसभरात थोडे थोडे शरीरात मुरते. गोळीतले एकदम येऊन थडकते. निव्वळ अन्नाच्या कॅल्शियमने निरोगी माणसाला या विकाराने गाठले, असे सहसा घडत नाही.

करावयाचे काय?

पहिली जबाबदारी डॉक्टरांची. कॅल्शियमची गोळी लिहिताना ती किती दिवसांसाठी, हे चिठ्ठीवर लिहिले पाहिजे, आणि ‘याशिवाय आणखी काय घेता?’ हा प्रश्न प्रत्येक वयस्कर रुग्णाला विचारला पाहिजे. दीर्घकाळ गोळ्या घेणाऱ्या माणसाला मळमळ, बद्धकोष्ठ, तहान आणि गोंधळलेपण एकत्र जाणवू लागले, तर रक्तातील कॅल्शियम आणि मूत्रपिंडाचे कार्य तपासण्यास विलंब लागू नये. सांगली, मिरज, सातारा, कऱ्हाड येथे ही तपासणी सहज होते. निदान लवकर झाले, तर गोळ्या थांबवून आणि शिरेतून सलाइन देऊन बहुतेक रुग्ण सुधारतात. उशीर झाला, तर मूत्रपिंडाची हानी कायमची राहू शकते. एवढ्याशा तपासणीवर एवढे मोठे अंतर अवलंबून आहे.

दुसरी जबाबदारी औषधविक्रेत्याची. २०१५ च्या औषधव्यवसाय नियमांनी रुग्णाला समजावून सांगणे हे फार्मासिस्टच्या कामात धरले आहे. साठ हजार एककांची पुडी देताना ‘आठवड्यातून एकदा’ हे दोन शब्द तोंडाने उच्चारायला आणि वेष्टनावर पेनाने लिहायला किती वेळ लागतो?

तिसरी जबाबदारी शासनाची. कॅल्शियमच्या काही गोळ्या औषध म्हणून विकल्या जातात, काही २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्याखाली पूरक आहार म्हणून. गिऱ्हाइकाला हा भेद कळत नाही आणि त्याच्या आतड्यांना तर मुळीच कळत नाही. महाराष्ट्रात सुदैवाने अन्न आणि औषध या दोहोंची देखरेख एकाच प्रशासनाकडे आहे. तेव्हा निदान दोन गोष्टींचा आग्रह या प्रशासनाने धरावा. एक, वेष्टनावर संयुगाचे वजन नव्हे, तर प्रत्यक्ष कॅल्शियमचे वजन ठळक छापले जावे. कॅल्शियम कार्बोनेटच्या १,२५० मिलिग्रॅममध्ये कॅल्शियम असते ५००. कॅल्शियम सायट्रेटमध्ये ते वजनाच्या जेमतेम पाचव्या भागाएवढे. शिकल्यासवरल्या माणसाची जेथे गल्लत होते, तेथे इतरांची काय कथा? दोन, ही माहिती आणि मात्रेची सूचना मराठीतून असावी. ज्या भाषेत माणूस दुखणे सांगतो, त्या भाषेत त्याला औषध वाचता येऊ नये, हे सुसंस्कृत राज्याला शोभत नाही.

चौथी आणि सर्वांत निकटची जबाबदारी घराची. शिक्षक आणि कारकून यांना हिशेब शिकवावा लागत नाही. जो माणूस हजेरीपटात एका दिवसाची खोट चालू देत नाही, किंवा किर्दीतला एक रुपया जुळेना म्हणून दिवा लावून बसतो, त्याच्या घरातील गोळ्यांची मात्र कोठेच नोंद नसते. एक साधी वही करावी. घरातील प्रत्येक वडीलधाऱ्या माणसाच्या नावे कोणती गोळी, कोणी दिली, केव्हापासून, केव्हापर्यंत आणि तिच्यात कॅल्शियम व ड जीवनसत्त्व किती, हे लिहावे. चुना, सोडा, भस्मे, परदेशातून आलेल्या बाटल्या यांनाही त्यात जागा द्यावी. कारण शरीर देशी-विदेशी असा भेद करत नाही. डॉक्टरांकडे जाताना ती वही बरोबर न्यावी. विज्ञान शिकणाऱ्या एखाद्या विद्यार्थ्याने आपल्या आजीची अशी बेरीज करून पाहिली, तर रसायनशास्त्राचा तो धडा त्याला जन्मभर पुरेल.

या भागाला वैद्यकाची मोठी परंपरा आहे. डॉ. विल्यम वानलेस यांनी मिरजेत १८९४ साली रुग्णालय उभारले, तेव्हापासून दूरदूरच्या गावांतून, कर्नाटकातूनही, माणसे बरी होण्यासाठी मिरजेची वाट धरत आली. १९६२ साली तेथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आले. अशा भूमीत अपुऱ्या उपचाराने माणूस दगावला तर ते दुर्दैव म्हणता येईल. पण फडताळातल्या बाटल्यांची बेरीज कोणी केली नाही म्हणून एखाद्याची मूत्रपिंडे निकामी झाली, तर तिला दुर्दैव हे नाव देता येणार नाही. ‘अति तेथे माती’ असे आपल्या वाडवडिलांनी सांगून ठेवले आहे. अति म्हणजे नेमके किती, हे आज मिलिग्रॅममध्ये सांगता येते. ते वाचायचे, विचारायचे आणि लिहून ठेवायचे, एवढेच उरले आहे.